फुटी टीमचे गोल एकाच खेळाडूवर अडकलेत? शॉट टीमभर पसरवायचे कसे, स्टेप बाय स्टेप

मेलबर्नच्या लोकल फुटी (ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल) लीगमध्ये हल्ली आपल्यातले बरेच आईबाबा नुसते बाउंड्रीबाहेर उभे न राहता असिस्टंट कोच, रनर (कोचचे निरोप मैदानात नेणारा), टीम मॅनेजर असं काही ना काही करताना दिसतात. पोरगं ऑस्किकमधून (लहान पोरांची फुटी शिकवणी) क्लबात गेलं की क्लबवाले तुम्हालाही धरतातच. मग पहिल्या-दुसऱ्या सीझनलाच हा प्रश्न समोर येतो की आपले निम्म्याहून जास्त गोल एकटा फुल फॉरवर्ड (गोलच्या सगळ्यात जवळ खेळणारा) मारतोय, आणि तो दुखापतीने बसला किंवा समोरच्यांनी त्याच्यावर दोन माणसं लावली की स्कोअरबोर्ड हलायचं नाव घेत नाही.

यावर जे उपाय करतात ते बहुतेक उलटेच पडतात. कोच ब्रेकला ओरडतो "शेअर करा, शेअर करा", मग पोरं तीस मीटरवर गोलच्या समोर मोकळी असूनही हँडबॉल (हाताने ठोसून पास) देत बसतात आणि बॉल घालवतात. नाहीतर फुल फॉरवर्डलाच उचलून बॅकलाइनला टाकतात, म्हणजे होते ते गोलही गेले. एकाचे गोल काढून दुसऱ्याला देता येत नाहीत हो. शॉट जिथून तयार होतो त्या जागा वाढवायच्या असतात, आणि त्या कामाला क्रम आहे, मोजणी आधी, मग किकिंग, मग मांडणी, मग बॉल आत कसा येतो ते. लोक सरळ मांडणीवर उडी मारतात आणि तिथेच फसतं.

नियम नवीन असतील त्यांच्यासाठी एवढंच: मधल्या दोन खांबांतून पायाने मारलेला बॉल कोणाला न लागता गेला तर गोल, ६ पॉइंट. बाजूच्या खांबांमधून गेला, मधल्या खांबाला लागला किंवा वाटेत कोणाचा हात लागून आत गेला तर बिहाइंड, १ पॉइंट. स्कोअर लिहिताना आधी गोल, मग बिहाइंड, मग बेरीज. खाली लिहिलंय ते साधारण अंडर-१३ पासून सीनियरपर्यंतच्या टीमसाठी आहे, त्याहून लहान पोरांना सगळ्या जागांवर फिरवा आणि खेळू द्या, बाकी डोकं लावू नका.

१. आधी शॉट मोजा, गोल नंतर

कोणी किती गोल मारले ते क्लबच्या रेकॉर्डमध्ये लगेच मिळेल, पण त्यावरून निर्णय घेऊ नका, कारण कोणी किती शॉट घेतले आणि कुठून घेतले हे त्यात नसतं. दोन-तीन मॅच एका पालकाला क्लिपबोर्ड देऊन बसवा. कागदावर अर्ध्या ओव्हलचं चित्र, त्यात ५०ची लाइन (गोलपासून ५० मीटरवरची कमान), आणि आतल्या भागाचे चार तुकडे: समोर जवळ, समोर लांब, डावं पॉकेट, उजवं पॉकेट (गोलच्या बाजूचे, बाउंड्रीजवळचे कोपरे). प्रत्येक शॉटला तिथे जर्सी नंबर लिहायचा, शेजारी एक खूण की शॉट कसा मिळाला (मार्क म्हणजे किकचा बॉल हवेतच झेलून, फ्री किक, जमिनीवरून, पळत येऊन), आणि काय झालं, गोल, बिहाइंड की काहीच नाही. काहीच नाही म्हणजे किक कमी पडली किंवा सरळ बाउंड्रीबाहेर गेली, ते शॉट स्कोअरशीटवर दिसतच नाहीत पण मोजायचेच. उलट समोरच्या डिफेंडरने स्वतःच बॉल ढकलून दिलेला रश्ड बिहाइंड मोजायचा नाही, तो कोणाचाच शॉट नाही.

कागदाच्या दुसऱ्या बाजूला प्रत्येक इनसाइड ५० कुठे पडला त्याची रेघ ओढायची, म्हणजे आपण बॉल ५०च्या आत पाठवला तो डावीकडे, उजवीकडे की मधोमध गोल स्क्वेअरसमोर (गोलच्या अगदी पुढचा आखलेला चौकोन). हे स्टेप ४ ला लागणार आहे.

आता कागद वाचायचा. समजा आपला स्कोअर झाला ८.१० (५८), त्याशिवाय पाच शॉट वाया गेले, म्हणजे एकूण २३ शॉट. फुल फॉरवर्डचे ५ गोल. रेकॉर्ड बघून वाटेल की सगळं त्याच्यावरच चाललंय. पण कागदावर दिसतं की त्याने ७ च शॉट घेतले, ५ गोल २ बिहाइंड. बाकीच्यांनी १६ शॉट घेतले आणि त्यातून ३ गोल, ८ बिहाइंड, ५ फुकट. म्हणजे शॉट आधीच पसरलेले आहेत! इथे मांडणी बदलून काही होणार नाही, किकिंग आणि शॉटच्या जागा सुधारायच्या आहेत. दुसऱ्या टीमचा कागद वेगळा असेल, २० पैकी १४ शॉट एकाचेच, म्हणजे बॉल सारखा त्याच्याच डोक्यावर पाठवला जातोय. तिसरी टीम अख्ख्या मॅचमध्ये ९ शॉट घेते, तिथे फॉरवर्ड लाइनला बोलून उपयोग नाही, बॉलच आत येत नाहीये, आधी मिडफिल्ड बघा. तीन वेगळे आजार आहेत आणि औषध मात्र सगळीकडे तेच दिलं जातं, "शेअर करा".

शॉटची संख्या का महत्त्वाची ते २०२३ च्या एएफएल (फुटीची सगळ्यात मोठी लीग) ग्रँड फायनलमध्ये दिसलं. ब्रिस्बेनने गोल जास्त मारले, १३.८ (८६), पण जिंकलं कॉलिंगवूड, १२.१८ (९०). एक गोल कमी मारून ४ पॉइंटनी कप नेला.

तपासा: तुमची टीम या तीनपैकी कुठल्या प्रकारात बसते ते एका वाक्यात लिहिता येतंय का? येत नसेल तर अजून एक मॅच मोजा, घाई नको.

२. कोण कुठून मारू शकतो, त्याची यादी

ही स्टेप सगळे सोडतात, आणि मग मॅचमध्ये ज्या पोराची किक पंचवीस मीटर जाते त्याला पंचेचाळीसवर मार्क देऊन मोकळे होतात.

एका ट्रेनिंगला प्रत्येकाला, अगदी फुल बॅकलाही, पाच जागांवरून मारायला लावा: समोरून २०, ३० आणि ४० मीटर, मग ३० मीटरवरच डावीकडे आणि उजवीकडे. प्रत्येक जागेवरून चार-पाच किक पुरेत. एक अट, किक मारण्याआधी पन्नास-साठ मीटर पळून यायचं, कारण मॅचमध्ये कोणी निवांत उभा राहून शॉट घेत नाही, आणि दम लागलेला असला की बॉल हातातून पायावर सोडताना तिरका पडतो, नव्वद टक्के चुका तिथेच होतात असं मला वाटतं. ड्रॉप पंटच (नेहमीची सरळ जाणारी किक) मारायला लावायचं. स्नॅप आणि बनाना या वळणाऱ्या किक पोरांना फार आवडतात, ट्रेनिंग संपल्यावर मारू देत.

कोनाचा हिशोब एकदा पोरांना मैदानावर उभं करून दाखवा. गोलच्या दोन खांबांमध्ये ६.४ मीटर अंतर. गोलच्या मधोमध उभं राहून मैदानाकडे तोंड केलं की सरळ समोर १२ वाजले समजा. बरोबर १२ वर, ३० मीटर लांब उभ्या असलेल्या पोराला जेवढी फट दिसते, तेवढीच फट २ किंवा १० वाजताच्या दिशेला १५ मीटरवर उभ्या असलेल्याला दिसते. आणि त्याच दिशेला ३० मीटर लांब गेलात तर फट निम्मी. पोरांना जवळ म्हणजे सोपं असं वाटतं, तसं नाहीये ते, पॉकेटमधला १५ मीटरचा शॉट समोरच्या ३० मीटरच्या शॉटइतकाच अवघड असतो आणि वर पाठीमागे डिफेंडर.

यातून प्रत्येकाची एक "घरची जागा" ठरते. रोहनची समोर २५ पर्यंत, लियमची डावीकडून ३५ पर्यंत कारण तो उजव्या पायाचा आहे, असं. ते ड्रेसिंग रूमच्या बोर्डवर लावा. पुढे "मारू का पास देऊ" हा प्रश्न याच यादीवर सुटणार आहे.

सावधान: यादी लावताना "याला मारू देऊ नका" अशी भाषा चुकूनही नको. प्रत्येकाच्या नावासमोर तो कुठून मारू शकतो तेच लिहायचं. एकदा पोराच्या मनात बसलं की आपण मारायचं नाही, मग तो गोल स्क्वेअरमध्येही हँडबॉल शोधतो.

३. मांडणी: जागांची नावं विसरा, कामं वाटा

कागदावर सहा फॉरवर्ड असतात, फुल फॉरवर्ड, सेंटर हाफ फॉरवर्ड, दोन पॉकेट, दोन फ्लँक. एएफएलमध्ये २०१९ पासून मैदानाच्या मधोमध बॉल उडवून खेळ सुरू होताना दोन्ही ५०मध्ये प्रत्येक टीमचे सहा-सहा आणि मध्ये सहा असलेच पाहिजेत असा नियम आहे, तुमच्या लीगचा नियम आणि मैदानावर किती खेळाडू ते आधी बघून घ्या. बायकांच्या लीगमध्ये, म्हणजे एएफएलडब्ल्यूमध्ये, १८ नाही, १६ असतात, म्हणजे आत मोकळी जागाच जास्त.

नावं देऊन झाली की प्रत्येकजण आपल्या कोपऱ्यात पाहुण्यासारखा उभा राहतो, म्हणून कामं द्या. एक जण खोल, गोलजवळ, मोठा टार्गेट. एक जण बॉलकडे पळत वर येणारा. दोन जण जमिनीवरच्या बॉलसाठी. एक हाफ फॉरवर्ड जो जवळजवळ मिडफिल्डपर्यंत वर जातो आणि मग गोलकडे तोंड करून परत पळतो, त्याच्यामागे कोण धावायचं यावरून डिफेंडरांमध्ये वाद लागतो. आणि सहावी जागा रिकामी ठेवायची, म्हणजे तिथे कोणी कायमचा नाही, दमलेला मिडफिल्डर किंवा रक (उडवलेल्या बॉलसाठी उडी मारणारा उंच खेळाडू) पाळीपाळीने येऊन उभा राहणार. याच जागेतून तुमचे नवीन गोलकिकर निघतात, कारण मिडफिल्डरला सहसा बॉल उचलता येतो, पळता येतं, आणि त्याच्यावर टाकलेला डिफेंडर त्याला ओळखत नसतो.

एएफएलमधल्या रिचमंडने २०१७ ला साधारण हाच धंदा केला, उंच माणूस मुख्यतः एकच, जॅक रीवोल्ट, आणि भोवती छोटे चपळ फॉरवर्ड. ग्रँड फायनलला १६.१२ (१०८) मारले, त्यात तीन गोल जॅक ग्रॅहमचे, जो मिडफिल्डर होता आणि ज्याची ती पाचवीच एएफएल मॅच होती. समोरच्या अॅडलेडने त्याच्यासाठी माणूस ठेवला असेल असं मला तरी वाटत नाही.

मुख्य गोलकिकरला हलवायचं नाही. गोल पसरले पाहिजेत म्हणजे मोठा गोलकिकर नको, असा अर्थ लोक काढतात. २०२१ ला कार्लटनच्या हॅरी मकेने ५८ गोल मारून कोलमन मेडल (सगळ्यात जास्त गोल मारणाऱ्याचं) घेतलं आणि टीम १३ वी आली. त्याच वर्षी कप जिंकणाऱ्या मेलबर्नच्या बेली फ्रिचचे फायनल्स धरून ५९ होते, म्हणजे तोही मोठाच गोलकिकर, पण मागे कोझी पिकेटचे ४०, टॉम मॅकडॉनल्डचे ३३ असं शेपूट होतं. कबड्डीत एकच रेडर पॉइंट आणत असेल तर त्याला बसवत नाही आपण, त्याच्यामुळे समोरचा डिफेन्स जिकडे सरकतो त्याच्या उलट बाजूने दुसरा रेडर घालतो. इथेही तेच.

४. बॉल आत कसा येतो, खरी गडबड इथे आहे

सगळ्यात जास्त वेळ या स्टेपला द्या. स्टेप १ च्या कागदाची मागची बाजू काढा. बहुतेक टीमच्या रेघा एकाच ठिकाणी जमलेल्या दिसतात, गोल स्क्वेअरच्या समोर, उंच लांब किक, ज्याच्याखाली आपले दोन आणि त्यांचे चार. बॉल घाईत मिळाला की डोळे मिटून "लांब मार" हे इतकं अंगात भिनलेलं असतं की मोकळा माणूस वीस मीटरवर हात हलवत असतो आणि दिसत नाही.

किक मारणाऱ्याला बघायचा क्रम ठरवून द्या, आणि तो सगळ्यांना एकच:

पहिली नजर खाली. ५०च्या लाइनच्या आसपास कोणी तुझ्याकडे पळत येतोय का? त्याच्या पुढ्यात सपाट किक.
दुसरी नजर पलीकडे. दूरच्या बाजूला कोणी एकटा आहे का?
तिसरी, काहीच नसेल तर लांब, पण गोलच्या मधोमध नाही, आपल्या मोठ्या टार्गेटच्या ज्या बाजूला आपले छोटे उभे आहेत त्या बाजूला.

आता फॉरवर्डचं काम. समजा बॉल आपल्या विंगरकडे आहे, डाव्या बाजूला, गोलपासून सत्तर मीटर. फुल फॉरवर्ड गोल स्क्वेअरच्या पुढे, फुल बॅक त्याला चिकटलेला, एक हात कमरेवर. विंगरने बॉल हातात घेऊन मान वर केली की फुल फॉरवर्ड उजव्या पॉकेटकडे सुटतो, बॉलपासून लांब, तीन-चार जोरदार पावलं, हात वर करून, आवाज देऊन. फुल बॅकला मागे जावंच लागतं, कारण सगळ्या लीगला माहीत आहे हा कोण आहे ते, आणि दुसरा डिफेंडरही मदतीला दोन पावलं सरकतो. गोलच्या समोर मोठा रिकामा पट्टा तयार झाला. आता डाव्या पॉकेटमधला पोरगा, जो इतका वेळ बुटाची लेस बघत उभा होता, तिरका त्या पट्ट्यात पळतो, आणि विंगर त्याच्या छातीवर सपाट किक देतो. ३० मीटरवर मार्क, १२ वाजताच्या दिशेला. पहिल्या माणसाने शॉट घेतला नाही, बॉलला हातही लावला नाही, तरी तो गोल त्याचाच आहे, आणि रिव्ह्यूला हे मोठ्याने बोलून दाखवा.

यातला टायमिंगचा भाग पोरांना लवकर येत नाही. दोघं एकदम पळतात, किंवा दुसरा फार लवकर सुटतो आणि पहिल्याच्याच डिफेंडरला धडकतो. साधा नियम: पहिल्याचं तिसरं पाऊल पडलं की दुसऱ्याने सुटायचं. आणि लीड करून (बॉल घ्यायला मोकळ्या जागेत पळून) बॉल मिळाला नाही तर तिथेच उभं राहायचं नाही, वळसा घेऊन बाजूने बाहेर निघायचं, नाहीतर तुम्ही आणि तुमचा डिफेंडर मिळून पुढच्याची जागा अडवता.

सावधान: लीड पॉकेटमधून बाहेर, मधल्या पट्ट्याकडे. पॉकेटमध्ये शिरणारा लीड करून मार्क घेतला की आकडेवारीत छान दिसतं, आणि शॉट येतो २ वाजताच्या दिशेचा, तीस मीटरवरून. स्टेप २ मधली निम्मी फट आठवा. पहिल्या आजाराच्या टीमचे आठ-आठ बिहाइंड असेच तयार होतात.

आणखी एक, मार्क धरायला किक किमान १५ मीटर गेलेली लागते. छोट्या किकच्या नादात पोरं दहा मीटरवर देतात, अंपायर प्ले ऑन (खेळ चालू, मार्क नाही) म्हणतो, आणि समोरचा टॅकल करतो.

तपासा: पुढच्या मॅचच्या कागदावर रेघा तीन ठिकाणी विभागल्या गेल्यात का? अगदी समान नको, पण निम्म्याहून जास्त एकाच जागी असतील तर पुढची स्टेप थांबवा, अजून एक आठवडा हेच करा.

५. जमिनीवर पडलेला बॉल

उंच बॉलवर दोन-तीन जण उडाले की बहुतेक वेळा कोणाच्याच हातात राहत नाही, डिफेंडर मुठीने ठोसतो आणि बॉल खाली. छोट्या फॉरवर्डचं पोट यावरच. पण आपल्या टीममध्ये छोटे पण वर बघत घोळक्यात घुसतात, किंवा घोळक्याच्या बरोबर खाली उभे राहून डोक्यावर बूट खातात.

एक जण फ्रंट अँड स्क्वेअर, म्हणजे घोळक्याच्या समोर, बॉल जिकडून येतोय त्या बाजूला, तीन-चार मीटर अंतर ठेवून. ठोसलेला बॉल सहसा आला त्याच दिशेला परत पडतो. दुसरा गोलच्या बाजूला, कारण कधी कधी बॉल सगळ्यांच्या हातांवरून निसटून मागे जातो आणि तिथे रिकामा गोल असतो. तिसरा असेल तर जरा रुंद. मुख्य म्हणजे आधी जाऊन उभं राहायचं नाही, बॉल हवेत असेपर्यंत पाच-सहा मीटर बाहेर थांबायचं आणि तो खाली पडायच्या वेळेला पळत पोचायचं. उभा असलेला पोरगा बॉल उचलतो आणि पकडला जातो, पळत आलेला तोच बॉल उचलून दोन पावलांत शॉट घेतो.

आणि मोठ्या टार्गेटला सांगून ठेवा, दोघं अंगावर असतील तर मार्क घ्यायचा हट्ट नको, बॉल फक्त खाली पाड, समोरच्याच्या हातात जाऊ देऊ नको. दोघांना अडकवून ठेवलंस म्हणजे खाली आपला एक जास्त आहे.

६. मिडफिल्ड आणि विंगकडून गोल

मांडणी नीट असली की हे बरंचसं आपोआप येतं, पण एक शिस्त लागते: एक गेला तर एक राहिला. मिडफिल्डर हँडबॉल घेऊन ५०च्या लाइनवरून पळत शॉट घ्यायला गेला, तर त्याच्या जागी दुसऱ्या कोणीतरी मागे थांबायचं, नाव घेऊन, मी राहतो म्हणून ओरडून. हे केलं नाही तर मिडफिल्डरांचे गोल वाढतात आणि समोरच्यांचे त्याहून जास्त वाढतात, बॉल एकदा हातातून गेला की मधलं मैदान मोकळंच असतं.

मारायचं की द्यायचं, याचा नियम बोर्डवर असू द्या: तुझ्या घरच्या जागेत आहेस आणि पुढे दोन पावलं मोकळी आहेत, तर मार, कोणाला विचारू नको. घरच्या जागेच्या बाहेर आहेस आणि गोलच्या जास्त जवळ, जास्त समोर कोणी मोकळा आहे, तर दे. बाकी वेळी लांब मार, बॉल आपल्या छोट्यांसाठी खाली पडेल असा. तीनपेक्षा जास्त हँडबॉल ५०च्या आत चालले असतील तर कोणीतरी मारायला घाबरतंय, कोण ते शोधा आणि ट्रेनिंगला त्याच्यासोबत थांबा.

७. बॉल गेला तर तिथेच अडवा

हे थोडक्यात सांगतो. समोरच्यांकडे बॉल गेल्यावर आपले फॉरवर्ड कमरेवर हात ठेवून उभे राहत असतील तर वरचं सगळं अर्धंच उपयोगी. ५०च्या आत टॅकल केला की एकतर फ्री किक मिळते, नाहीतर बॉल पुन्हा तिथेच उडवला जातो, आणि अशा गोंधळातून येणारा शॉट कोणाच्याही वाट्याला येऊ शकतो. क्लिपबोर्डवर आतल्या टॅकलची पण एक ओळ ठेवा.

८. ट्रेनिंग कोणत्या क्रमाने

एका आठवड्याला एकच गोष्ट. पहिला आठवडा स्टेप २ ची किकिंग, पुढचे दोन स्टेप ४, मग जमिनीवरचा बॉल, मग मिडफिल्ड जोडायचं. सगळं एका मंगळवारी सांगितलं की शनिवारी काहीच दिसत नाही.

रांगेत उभं राहून एकामागोमाग गोल मारायचा सराव सगळ्यांना बरा वाटतो, घाम येतो, आवाज होतो, पण डिफेंडरच नसल्यामुळे शॉट तयार कसा करायचा ते कोणीच शिकत नाही. त्यापेक्षा अर्ध्या मैदानावर सहाविरुद्ध सहा खेळवा, बॉल सत्तर मीटरवरून सुरू. स्कोअरिंग असं ठेवा की त्या दिवशी ज्याने आधी गोल मारलेला नाही त्याचा पहिला गोल दुप्पट, आणि शेवटचा पास देणाऱ्यालाही पॉइंट.

सावधान: "फुल फॉरवर्डने गोल मारायचा नाही" अशी अट टाकून सराव घेतात, तो प्रकार टाळा. दोन मिनिटांत डिफेंडर त्याला सोडून देतात, मग बाकीच्यांना मिळणारी मोकळी जागाच नाहीशी होते, म्हणजे तुम्ही भलत्याच खेळाचा सराव करताय.

९. मॅचच्या दिवशी

आधी वारा बघा. मेलबर्नच्या हिवाळ्यात बऱ्याच उघड्या मैदानांवर एका टोकाला मारणं आणि दुसऱ्या टोकाला मारणं हे दोन वेगळे खेळ असतात. वाऱ्याविरुद्धच्या क्वार्टरला घरच्या जागा पाच-दहा मीटरने आत घ्या आणि छोट्या किकने आत जा. वारा आडवा असेल तर बॉल कुठल्या पॉकेटकडे ढकलला जातोय ते वॉर्मअपलाच बघून जमिनीवरची पोरं त्या बाजूला जास्त ठेवा.

एका क्वार्टरला फॉरवर्ड लाइनमध्ये जास्तीत जास्त दोन बदल. रिकामी सहावी जागा फिरत राहील, बाकीचे स्थिर, नाहीतर लीडचा क्रम कोणालाच लक्षात राहत नाही. ज्युनियर असेल तर लीगचे नियम मॅचच्या आधी वाचून ठेवा, कोणाला किती वेळ खेळवायचं, जागा बदलायच्या का, हे लीगप्रमाणे आणि वयाप्रमाणे वेगळं असतं.

रनरला एकच निरोप द्यायचा, "शेअर करा" हा नाही. "पहिली नजर खाली" हा चालेल, "डावीकडे दोनदा गेलो, आता पलीकडे बघ" हा चालेल.

मग आईबाबांचं प्रकरण. ज्याचं पोरगं आजवर मॅचला पाच गोल मारायचं आणि आता दोन मारतंय, त्याचे वडील तिसऱ्या शनिवारी कॅन्टीनजवळ गाठतातच. सीझनच्या आधीच बोलून ठेवा, आणि क्लबरूममध्ये गोलच्या शेजारी गोल असिस्टची यादी लावा, ती रिकामी नसते त्याची.

१०. तीन-चार मॅचनंतर

पुन्हा कागद. बघायचं काय: एकूण शॉट कमी तर झाले नाहीत ना, सगळ्यात जास्त शॉट घेणाऱ्याचा वाटा किती, किती वेगळ्या खेळाडूंनी निदान एक शॉट घेतला, आणि किती शॉट १० ते २ वाजताच्या आतले. माझ्या मते एकाचा वाटा एक तृतीयांशाच्या आसपास आला की पुरे, त्याहून खाली आणायच्या मागे लागू नका. शॉट पसरले पण एकूण कमी झाले, तर पोरं जास्तच पास देताहेत, स्टेप ६ चा नियम पुन्हा सांगा. शॉट वाढले पण बिहाइंडच वाढले, तर स्टेप ४ मधला पॉकेटवाला सावधान पुन्हा वाचा.

समोरच्यांनी फुल फॉरवर्डवर दोन माणसं लावली तर त्यांचा कोणीतरी एक आपल्या माणसाला सोडून आलेला असतो. मैदानाबाहेरून ओरडायचं ते त्या मोकळ्या पोराचं नाव. आणि फुल फॉरवर्ड खरंच बाहेर बसला तर त्याच्या जागी त्याच्यासारखाच उंच कोणी शोधून तिथे उभा करू नका, त्याला ते मार्क येणार नाहीत आणि बाकीचे सवयीने त्याच्याच डोक्यावर मारत राहतील. त्या मॅचला गोल स्क्वेअर रिकामाच ठेवा, सगळे सहा ५०च्या लाइनजवळून सुरू करतील आणि बॉल निघाला की गोलकडे तोंड करून आत पळतील. किक मारणाऱ्यांना वॉर्मअपमध्येच सांगून ठेवा की आज आत कोणी उभा नाही, पळणाऱ्याच्या पुढ्यात द्यायचंय.